अर्ध्या फळ्याच्या बाई

आमच्या आर्वीच्या शाळेत गणिताच्या एक बाई होत्या. त्या फळ्याचा फक्त खालचा अर्धा भाग वापरायच्या. वरचा भाग कोरा, आणि खाली बारीक, सुरेख अक्षरात दाटीवाटीनं बसलेली समीकरणं. मागच्या बाकांवरच्या मुलींना दिसावं म्हणून पुढच्या मुलींनी वाकून बसायचं, असा त्यांच्या वर्गाचा नियमच होता. बाई ठेंगण्या होत्या असं नाही. चांगल्या उंच होत्या. पण हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, हे त्यांचं ठरलेलं होतं. मुलींनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'अर्ध्या फळ्याच्या बाई', आणि ते त्यांना माहीत होतं.

नातवंडांनो, तुमच्यापैकी एकाने मागे फोनवर मला एक गोष्ट हळूच सांगितली. उत्तर येत असूनही वर्गात हात वर करत नाही, कारण काखेत घामाचे मोठे डाग पडतात आणि बाकीचे बघतात. उन्हाळ्यातसुद्धा अंगातलं जाकीट निघत नाही. हे कोणी सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. फोनवर मला धड काही बोलता आलं नाही. ठेवल्यावर मात्र संध्याकाळभर गणिताच्या बाई डोळ्यासमोरून हलल्या नाहीत. त्यांच्याविषयी क्रमानं लिहावं असं ठरवून बसले आहे. पण आठवण झाली की त्या मला क्रमानं आठवत नाहीत, एकदम सगळ्याच येतात. तेव्हा जसं येईल तसं लिहिते.

मी शाळेत इंग्रजी शिकवायला लागले ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. नागपूरच्या कॉलेजातून शिकलेली मी, स्वच्छ उच्चारांची मला ऐट होती. त्या तळेगावच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. वर्गात पुस्तकातली मराठी बोलायच्या आणि वर्गाच्या उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की त्यांची आपली वऱ्हाडी सुरू. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, हा आभाळी रंग तुमाले चालते, मले नाई चालत. आभाळी रंग लय चुगलखोर."

मला काही कळलं नाही. पुढे कळलं. त्यांच्या लेखी रंगांच्या दोन जाती होत्या, इमानदार आणि चुगलखोर. पांढरा इमानदार, गर्द निळा आणि काळा इमानदार, बारीक फुलांची छापील चिटं बऱ्यापैकी इमानदार. राखाडी, आभाळी, मोतिया हे सगळे चुगलखोर. पाण्याचा थेंब पडला की गावभर सांगणार. बाजारातल्या कापडाच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर बरेचदा गेले आहे. दुकानदार पाण्याचा पेला पुढे करायचा, आणि बाई पाणी पिण्याऐवजी त्यात बोट बुडवून कापडाच्या टोकाला थेंब लावायच्या. मग ते टोक उजेडात धरून डाग किती गडद होतो ते पाहत बसायच्या.

"बाई, कापड घेऊन राह्यल्या का कापडाची परीक्षा घेऊन राह्यल्या?" दुकानदार विचारायचा.

"नापास झालं भाऊ. दुसरं दाखवा."

"आता हे ओलं केलेलं कोण घेईन?"

"वाळल्यावर कोनाले समजते? तुमी बोलू नका, मी बोलत नाई."

त्यांच्याकडे कायम दोन पिशव्या असायच्या. एकीत वह्या, दुसरीत धुतलेलं पोलकं. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूला जाऊन त्या पोलकं बदलायच्या आणि ओलं पोलकं तिथल्याच तारेवर, आतली बाजू बाहेर करून वाळत घालायच्या. वडिलांच्या जुन्या, मऊ झालेल्या धोतराचे अर्धगोल तुकडे कापून त्यांनी घड्या शिवल्या होत्या. टिचबटणांनी त्या घड्या पोलक्याच्या बगलेत आतून बसायच्या. त्यांना त्या 'चंद्रकोर' म्हणायच्या. तपासनीस यायचे असले की शिक्षकांच्या खोलीत माझ्या कानाशी येऊन म्हणायच्या, "बाई, आज सकाळीच चंद्रकोर बुडाली." एवढ्या मोठ्या जगात त्या वाक्याचा अर्थ फक्त आम्हा दोघींना कळत होता. आता मला एकटीलाच कळतो.

एसटीत उभं राहायची वेळ आली तर त्या वरचा दांडा धरायच्या नाहीत. पिशवी खाली ठेवून सरळ तिच्यावर बसायच्या. चालताना दोन्ही काखांत वही धरल्यासारखे दंड अंगाशी घट्ट. तुरटी, कापूर, मुलतानी माती, बाजारातली झाडून सगळी पावडर, सगळं करून झालं होतं. कोणीतरी सांगितलं म्हणून चहा सोडला, तिखट सोडलं. तिखट सोडणं म्हणजे तिकडच्या माणसासाठी केवढी गोष्ट, हे तुम्हाला नाही कळायचं. त्यांच्या वहिनी म्हणायच्या, मन कमजोर आहे म्हणून घाम येतो. एक वैद्य म्हणाले, रक्त अशुद्ध आहे. बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि सगळ्यांचं खरं मानलं. अंगाला कधी वास येत नसे. तरी त्या बोलताना दोन पावलं मागे उभ्या राहायच्या. मी एक पाऊल पुढे गेले की त्या एक पाऊल मागे, असं आम्ही बोलत बोलत व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचो.

लग्न केलं नव्हतं. एकदा मी विचारलं, तेव्हा हसत सुटल्या. "अवं बाई, वरमाला घालाले हात वर करा लागते नं! मी घरच्याइले म्हटलं, बुटका नवरा पाहा. तं बाबा म्हने, पोरगी मस्करी करून राह्यली."

"आणि खरंच करत होतात का मस्करी?"

"नाई नं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वह्या तपासायला लागल्या.

निवृत्त झाल्यावर त्या रायपूरला भाच्याकडे राहायला गेल्या. दर रविवारी सकाळी फोन यायचा. बोलायला काही विशेष नसायचं. आर्वीत भाजी काय भावानं आहे, कोणाची मुलगी कुठे लागली, तिकडे ऊन कसं आहे. "इथं कोनी भांडत नाई माझ्याशी," अशी त्यांची तक्रार असायची. "सारे 'मौसीजी, मौसीजी' करते. बोर झाली मी." मग एका रविवारी भाच्याचा फोन आला. त्यानंतर कित्येक रविवार मी सकाळची कामं लवकर आटोपून मोकळी बसत होते, आणि कशासाठी बसले आहे ते लक्षात आल्यावर उठत होते. तुम्ही मुलं इतक्या लांब आहात, त्याची सवय केली की होते असं मला वाटायचं. गणिताच्या बाईंनी दाखवून दिलं की होत नाही.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्याच्या आधीची आहे, दोन हजार सालानंतरची.

आमच्या मुख्याध्यापिका उन्हाळ्यात निवृत्त व्हायच्या होत्या. सेवाज्येष्ठतेनं पुढचा क्रमांक गणिताच्या बाईंचा होता, आणि त्यांना ती जागा हवी होती. हे त्या कोणाला सांगत नसत, पण घरी जाताना वाटेत सुरू व्हायच्या. "मी असती तं पह्यले पोट्ट्याइच्या संडासाले आतून कडी लावली असती. मंग आठवीचा शेवटचा तास गणिताचा ठेवला नसता. कोनाचं डोकं चालते त्या वक्ती?" शाळेतली प्रत्येक गळकं कौल, प्रत्येक रडकी मुलगी त्यांना पाठ होती. मी त्यांच्या मागची. त्या नाही म्हणाल्या असत्या तर जागा माझ्याकडे आली असती असं कोणी म्हणेल. पण संस्थेचे अध्यक्ष, कापसाचे मोठे व्यापारी, त्यांच्या मनात दुसऱ्या गावचे एक सर होते. बाई नाही म्हणाल्या की ते सर येणार, हे उघड होतं.

अध्यक्षांनी शिक्षकांच्या खोलीतच विचारलं आणि बाई नाही म्हणाल्या.

"काऊन नाई म्हनता बाई? कारन तं सांगा."

"कारन नाई काही."

"पगार वाढते, मान वाढते. बिनाकारन कोनी नाई म्हनते का?"

अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या मैतरणीले समजवा. आठ दिवस देतो." आणि गेले.

वाटेत मी खूप खोदून विचारलं तेव्हा त्या रस्त्यातच उभ्या राहिल्या. "बाई, पंधरा ऑगस्टले झेंडा कोन फडकवते?"

"मुख्याध्यापिका."

"मंग सलामी. आपल्या शाळेत राष्ट्रगीत सरेपर्यंत सलामीचा हात खाली येत नाई. अख्खी शाळा समोर, पोट्ट्याइचे मायबाप समोर. ऑगस्टची उमस. अन् माझं कोपर असं वर." त्यांनी ते करून दाखवलं नाही, नुसती मान तिरपी केली. "तुमीच सांगा."

तोवर मी ते सगळं त्यांचा विक्षिप्तपणा म्हणून प्रेमानं चालवून घेत होते. त्या दिवशी घरी येऊन मी तुमच्या आजोबांना म्हटलं की हे दुखणं आहे, आणि दुखण्याला डॉक्टर असतो. आजोबा म्हणाले, मग घेऊन जा. एवढी साधी गोष्ट होती. इतकी वर्षं ती कोणाच्याच डोक्यात आली नव्हती, त्यांच्याही नाही. ताप आला की दवाखाना. घाम आला की रुमाल.

शनिवारी सकाळच्या शाळेनंतर आम्ही वर्ध्याची बस धरली. बाई खिडकीशी बसून कुरकुरत होत्या. "डॉक्टर मले पाहून हसन. म्हनन, वर्ध्यात घाम कोनाले येत नाई? मे महिन्यात कलेक्टरलेही येते."

त्वचेच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एकेक प्रश्न विचारला. कधीपासून येतो? वयात आल्यापासून. दोन्हीकडे सारखा? हो. थंडीतही? हो. झोपेत? बाईंनी विचार केला. "झोपेत नाई येत. सकाळी मी कोरडी असते."

"अचानक सुरू झाला असता, रात्री अंथरूण भिजत असतं, वजन उतरलं असतं, तर मी दुसऱ्या तपासण्या करायला लावल्या असत्या," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं तसं नाही. तुमच्या घामाच्या ग्रंथी चांगल्या आहेत, फक्त नसांकडून त्यांना गरजेपेक्षा जास्त हुकूम जातात. ही घाण नाही, रक्ताचा दोष नाही, आणि तुम्ही भित्र्या आहात म्हणूनही नाही. घाम दिसेल या भीतीनं तो आणखी वाढतो, एवढंच. घरात आणखी कोणाला आहे का असं? बऱ्याचदा असतं."

"नाई. कोनालेच नाई." बाई म्हणाल्या. आणि मग एकदम थांबल्या. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"बाबा," त्या म्हणाल्या. "बाबाच्या अंगावर कायम दुपट्टा राहे. दोन्ही खांद्यावरून दोन्हीकडे सोडलेला. घरात बी, वावरात बी. लोक म्हनत, पाटलाची ऐट पाहा. माय बी हसे त्याइले. बाबा कधी काही बोलले नाई." त्यांनी आपल्या पदराचं टोक हातात घेतलं. "बाबाले बी होतं हे. अन् आमी दोघंही एकाच घरात राहून..."

डॉक्टरीणबाईंनी पंखा वाढवल्याचं मला आठवतं.

औषध दिलं ते बाटलीतलं पाण्यासारखं द्रावण. ॲल्युमिनियमचा क्षार होता त्यात. रात्री झोपताना, कातडी अगदी कोरडी असताना, पातळ लावायचं; त्या वेळी घाम झोपलेला असतो, म्हणून औषधाला काम करता येतं. सकाळी धुऊन टाकायचं. केस काढले असतील त्या दिवशी लावायचं नाही. आग झाली तर एक-दोन दिवस सोडायचं. फरक दिसला की आठवड्यातून एक-दोनदा पुरे. (तुमच्याकडे हे सहज मिळतं, इंजेक्शनंसुद्धा निघाली आहेत म्हणतात. पण आधी डॉक्टरांना दाखवा. बाईंनी पुढे जे केलं ते करू नका.)

परतीच्या बसमध्ये त्या सारखं बोलत होत्या. अध्यक्षांना हो म्हणणार, कडी लावणार, कौलं बदलणार. आणि त्यांनी हो म्हटलंही. जून-जुलैत औषध नियमानं लावलं आणि खरोखरच फरक पडला. पूर्ण नाही, पण चंद्रकोर दुपारपर्यंत तगायला लागली. संडासाला कड्या लागल्या. सगळं चांगलं चाललं होतं.

मग ऑगस्ट उजाडला आणि गणिताच्या बाईंनी गणित केलं. अमुक औषधाला अमुक दिवस लागतात, तर दुप्पट औषधाला निम्मे. व्यस्त प्रमाण, सातवीचा धडा! पंधरा तारखेला अगदी कोरडं राहायचं म्हणून त्यांनी रात्री आणि सकाळी, आंघोळीनंतर ओल्याच अंगावर, थरावर थर लावले. चौदा तारखेला मी त्यांच्या घरी गेले तर त्या ओसरीत कोंबडीनं पंख पसरावेत तसे दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभ्या. काखा लालभडक झाल्या होत्या. खोबरेल लावून बसल्या होत्या.

"काय केलंत हे?"

"त्रैराशिक," त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

मला हसू आवरेना. मग त्याही हसल्या, आणि हसताना हात हलले म्हणून कळवळल्या. औषध बंद. उद्या घाम येणार, तो थांबवायला काहीच नव्हतं. चंद्रकोरही कातडीला घासत होती म्हणून लावता येणार नव्हती. मी म्हटलं, "ताप आला म्हणून कळवते. झेंडा मी फडकवते."

"मंग सव्वीस जानेवारीले कोन?" त्यांनी विचारलं. "अन् पुढच्या साली? नाई बाई. तुमी फक्त समोर उभ्या राहा. मले दिसान अशा."

पंधरा तारखेला पावसाचा एक ढग नव्हता. पाऊस असता तर सगळेच ओले झाले असते. ऊन सकाळीच चटके देत होतं आणि जमिनीतून वाफ निघत होती. बाई पांढऱ्या साडीत आल्या. ध्वजस्तंभापर्यंत पोचेस्तोवर पांढरं पोलकं काखेत चिकटलं होतं. इमानदार रंगाचाही काही इलाज चालेना. त्यांनी दोरी ओढली. झेंडा उलगडला, आतली झेंडूची फुलं डोक्यावर पडली. कवायतीचे सर ओरडले, "सलामी दे!"

बाईंचं कोपर वर गेलं. दुखऱ्या कातडीमुळे ते हळूहळू गेलं, पण पूर्ण, खांद्याच्या रेषेत. मी ठरल्याप्रमाणे समोर उभी होते. राष्ट्रगीत सुरू झालं आणि मी तो डाग कमरेकडे उतरताना पाहत होते. पाचवीच्या रांगेत दोघी एकमेकींना कोपरानं ढोसून फिदीफिदी हसल्या. बाईंना ते दिसलं. त्यांची नजर तिकडे गेली आणि परत झेंड्यावर आली. 'जय हे' संपेपर्यंत हात खाली आला नाही.

नंतर अध्यक्ष जवळ आले. लोक आजूबाजूला उभे होते. "बाई, बापरे, किती घाम आला तुमाले! तब्येत ठीक आहे नं?"

बाई नेहमीसारख्या दोन पावलं मागे सरकतील असं मला वाटलं. सरकल्या नाहीत. "ठीक आहे भाऊ," त्या म्हणाल्या. "मले असाच येते. लहानपनापासून. माझ्या बाबाले बी येत होता."

अध्यक्षांनी टोपी काढून स्वतःचंच कपाळ पुसलं. "गरमीच लय आहे बाप्पा," म्हणाले, आणि मुलींना बुंदी वाटायला निघून गेले.

बाई कार्यालयात आल्या. मी मागोमाग. त्यांनी पंखा पूर्ण सोडला, खुर्चीत बसल्या आणि, मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं, दोन्ही हात वर करून बोटं डोक्यामागे गुंफली. कोपरं दोन बाजूंना पंख्याखाली मोकळी. डोळे मिटलेले. बाहेर व्हरांड्यात मुली, पालक, शिक्षक बुंदीचे कागद घेऊन येत-जात होते, आणि आत पाहत होते.

"बाई," मी हळूच म्हटलं, "दार लोटू का?"

"राहू द्या उघडं," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "हवा येऊन राह्यली."